खाली ठेवलं की पुन्हा चढतो: कोकणातल्या घरात चढायला शिकणारं मूल सांभाळताना

तक्रार एकच असते. "जिन्याला फळी लावली, कपाट हलवलं, खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात ठेवल्या. थोडे दिवस बरे गेले, आणि आता हा भलतीकडूनच चढतोय." वर्ष ते तीन वर्षांचं मूल ज्या घरात आहे तिथे हे दर महिन्या-दोन महिन्यांनी नव्याने सुरू होतं. आमचं घर गुहागर तालुक्यातलं, चिऱ्याचं आणि कौलारू. पुढे उंच जोतं, ओटीवर झोपाळा, माजघरातून माळ्यावर जाणारा उभा लाकडी जिना, मागे पडवी आणि पडवीच्या पलीकडे विहीर. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, धाकट्या जावेची मुलगी अकरा महिन्यांची. एकाचं जरा निवळतंय तोवर दुसरीचं सुरू झालंय. लिहितेय ते याच घराला धरून, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बहुतेक जुन्या घरांना ते लागू पडेल.

हे परत परत का होतं

मूल हट्टी आहे म्हणून नव्हे. आपण जागा बंद करतो आणि तेवढ्यात मूलच बदलतं.

साधारण नवव्या-दहाव्या महिन्यात बाळ धरून उभं राहतं. पंधराव्या महिन्याच्या आसपास रांगत पायऱ्या चढतं. दोन वर्षांचं होता होता एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढ-उतार करतं. मोठ्यांसारखं पायरीला एक पाय टाकत चढणं तीन वर्षांच्या सुमारास जमतं आणि तसंच उतरणं चारच्या सुमारास. थोडं मागेपुढे होतं, पण क्रम हाच. चढणं आधी येतं, उतरणं मागाहून. मधले कितीतरी महिने मूल वर पोचू शकतं, पण तिथून खाली येऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार उपयोगी पडली. कॅरन अडॉल्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात बाळांना वेगवेगळ्या उतारांवर सोडून बघितलं, पकडायला शेजारी माणूस ठेवून. रांगणारी बाळं काही आठवड्यांच्या सरावाने कुठला उतार झेपेल ते ओळखायला शिकली. जो झेपणार नाही तिथे ती थांबायची, नाहीतर बसून घसरत जायची. मग तीच बाळं चालायला लागली आणि आधी जिथे थांबत होती त्याच उतारांवर सरळ चालत गेली. रांगताना आलेली समज चालण्यात उतरलीच नाही, सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. माझा मुलगा रांगायचा तेव्हा जोत्याच्या कडेशी आला की तळहाताने चिरा चाचपायचा, कड संपते तिथे बोटं खाली सोडून बघायचा आणि मागे सरायचा. घरात सगळे निर्धास्त झाले होते, "कळतं हो त्याला." चालायला लागला त्या आठवड्यात त्याच कडेवरून पाऊल पुढे टाकताना मी त्याला वरच्या वर धरला. म्हणून "त्याला कळतं" हे वाक्य बाळाची चाल बदलली की रद्द समजायचं. उभं राहिलं, चालायला लागलं, खुर्ची ढकलत न्यायला शिकलं, दाराच्या कडीला हात पोचला: यातलं काहीही नवं दिसलं की त्याच दिवशी घरभर एक फेरी मारायची, जमिनीवर बसून, बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवरून.

तिसरं कारण शरीराचं. जन्मतः बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव हिस्सा असतं, मोठ्या माणसाचं आठवा हिस्सा. कठड्यावरून वाकून बघायला गेलं की वजन डोक्याकडे जातं आणि पाय सुटतात.

जिथे एकदा चुकलं तरी भरून येत नाही, त्या जागा आधी

सगळं घर एकदम बंद करायला जाऊ नका, जमत नाही आणि माणसं कंटाळून सगळंच सोडतात. आधी विहीर, माळा आणि चूल.

विहिरीच्या कठड्याची उंची लोक जमिनीपासून मोजतात. मुलाच्या लेखी ती शेजारी जे काही आहे त्यापासून मोजली जाते. कपडे धुवायची धोंड कठड्याला टेकून असते, पंपाचा कट्टा असतो, पालथी घातलेली बादली असते, आणि आमच्याकडे तर नारळ सोलून झाले की सोडणांचा ढीगही तिथेच पडायचा. छातीएवढा कठडा धोंडीवर उभं राहिलं की गुडघ्याएवढा होतो. कठड्यापासून चार हात अंतर मोकळं ठेवा, धोंड हलत नसेल तर तिच्या बाजूला कठडा वाढवून घ्या, आणि वर लोखंडी जाळी बसवा. जाळी बिजागरीची आणि कडी-कुलपाची हवी. नुसती ठेवलेली जाळी कळशी काढायला सरकवली की दिवसभर सरकलेलीच राहते. गंजही बघायचा. खाऱ्या हवेत लोखंड फार लवकर गंजतं, आणि ते आधी सांध्यात गंजतं, जिथे रंगामुळे दिसत नाही. पावसाळ्याआधी काठीने ठोकून बघा. पाण्याच्या इतर जागांचंही तेच: पाच सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, मोरीतली बादली आणि गुरांचं डोण रात्री उपडं करून ठेवायचं.

माळ्याची शिडी सुटी असेल तर वापरून झाली की आडवी करून भिंतीकडेला ठेवा. कायमचा लाकडी जिना असेल आणि पायऱ्यांच्या मागची बाजू उघडी असेल, तर मागून प्लायवूड ठोकून घ्या. त्या फटीतून मूल सरळ खाली जाऊ शकतं. वरच्या तोंडाला फाटक लावायचं ते स्क्रूने पक्कं केलेलं आणि माळ्याच्या बाजूला उघडणारं. बाजारात नुसतं दाबून बसवायची फाटकं मिळतात, ती दोन खोल्यांच्या मधे ठीक आहेत. जिन्याच्या वर नकोत, मूल रेललं तर निसटतात, आणि त्यांच्या खालच्या आडव्या दांडीला मोठी माणसंच अडखळतात. आपल्या भिंती चिऱ्याच्या, वर मातीचा नाहीतर चुन्याचा गिलावा. तिथे छोटा स्क्रू धरत नाही, भुगा होऊन बाहेर येतो. लाकडी चौकटीला किंवा खांबाला धरूनच बसवायला सुताराला सांगा.

चुलीजवळचा आणि न्हाणीतला हंडा, गॅसचा ओटा यांची गोष्ट एकच: तिथे पोचायची पायरी काढून घ्या. ओट्याशेजारचा रिकामा सिलिंडर ही सगळ्यात हमखास पायरी. तो घराबाहेर.

आणि गडगा. बिनचुन्याचा रचलेला गडगा मुलांना फार आवडतो, कारण हात-पाय ठेवायला सगळीकडे खाचा. पण दगड सुटे असतात, वरचा चिरा ओढला की अंगावर येतो. शिवाय त्या फटींमध्ये विंचू आणि फुरसं राहतं. गडग्यावर चढायचं नाही, हा नियम एकाही माणसाने, एकाही दिवशी मोडायचा नाही.

"फाटक लावलं, तर फाटकावरच चढतो"

मग फाटकाला आडव्या पट्ट्या आहेत. अंगणाच्या तोंडाला आपण बेडं घालतो, आडवे बांबू सरकवून; ते गुरांना अडवायला चांगलं, मुलाला ती शिडीच. पडवीच्या कठड्याला आडवे पाइप असतील तर तेही तसंच. मुलांसाठी गज उभे हवेत आणि दोन गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे अर्ध्या वितीच्या आत. फट त्याहून मोठी असेल तर धड बाहेर जातं आणि डोकं अडकतं. जुन्या घरांतले लाकडी गज बऱ्याचदा एकमेकांपासून याहून लांब असतात. गज बदलायचे नसतील तर आतल्या बाजूने प्लायवूड किंवा गुळगुळीत पत्रा मारा. नायलॉनची जाळी ताणून बांधली तर तिच्या भोकांत पायाचं बोट जाणार नाही इतकी बारीक घ्या, नाहीतर पुन्हा शिडी. खिडकीच्या मच्छरदाणीला मुलाचा भार पेलत नाही, तिच्यावर विसंबू नका.

वॉकरबद्दल एवढंच: जोतं आणि उंबरठे असलेल्या घरात तो आणूच नका. त्यात बसलेलं बाळ आपल्या समजेपेक्षा जास्त वेगाने कडेपर्यंत पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

घरातलं सामान: कपाटाचे खण पायऱ्यांसारखे उघडून मूल चढतं आणि कपाट पुढे येतं. सारवलेल्या किंवा उंचसखल जमिनीवर कपाट मुळातच कललेलं असतं. वरून एल-अँगल मारून भिंतीला बांधा, टीव्हीही. प्लास्टिकच्या खुर्चीवर मूल उभं राहून पाठीवर रेललं की ती उलटते, म्हणून खुर्च्या एकात एक घालून ठेवायच्या. झोपाळा वापरात नसेल तेव्हा कड्या वर अडकवून ठेवायचा. मूल चढताना फळी मागे जाते आणि परत येते ती नेमकी कपाळावर.

"उतरवलं की परत तिथेच"

आधी वर काय आहे ते बघा. आमचा मुलगा पुन्हा पुन्हा देवघराच्या चौरंगावर चढायचा. चौरंग हलवला, तर पाट ओढत आणला. सासूबाईंनी त्याच्या नजरेच्या रेषेत बघितलं आणि म्हणाल्या, "अगो, ह्याला घंटा हवी आहे." घंटा खाली आली, सकाळच्या पूजेत वाजवायचं काम त्याच्याकडे गेलं आणि देवघरावरचं चढणं थांबलं. बिस्किटाचा डबा, रिमोट, चार्जिंगला लावलेला मोबाईल, फडताळावरचा रंगीत चेंडू: यातलं काही दिसत असेल तर फळ्या ठोकून उपयोग नाही. वस्तू खाली द्या, नाहीतर नजरेआड करा.

वर काहीच नसेल, तर मुलाला चढायचंच आहे. ही भूक आहे आणि ती नुसत्या "नको"ने जात नाही. त्याला चढायला एक हक्काची जागा द्या. आम्ही माजघराच्या कोपऱ्यात एक बुटका पेटारा भिंतीला घट्ट लावला, त्याच्यापुढे सुताराकडून दोन रुंद पायऱ्या करून घेतल्या आणि खाली जुनी गादी. गादीखाली काथ्याची चटई, म्हणजे फरशीवर सरकत नाही. पेटाऱ्याची उंची मुलाच्या छातीच्या वर नको. दुसरीकडे चढला की रागवायचं नाही, उचलून तिथे न्यायचं आणि सांगायचं, "चढायचं ते इथे." सुरुवातीला कंटाळा येईल इतक्या वेळा न्यावं लागतं, पण जागा रोज तीच आणि शब्द तेच असले की मूल स्वतः तिथे जायला लागतं.

संध्याकाळी पुळणीवर न्या. वाळूच्या उंचवट्यावर चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. याहून चांगली शाळा नाही, आणि पडलं तरी मऊ. भरतीच्या रेषेपासून लांबची जागा निवडा, आणि ओढून ठेवलेल्या होड्यांजवळ नको, तिथे गळ आणि दोर पडलेले असतात. परसात वाळू घालणार असाल तर ती ९ इंच तरी खोल हवी. एवढी वाळू साधारण ४ फुटांपर्यंतच्या पडण्याला पुरते. दोन बोटं पसरलेली वाळू जमिनीइतकीच कडक.

एक नियम इथे फार कामाचा आहे. जिथे मूल स्वतःच्या हातापायांनी पोचत नाही, तिथे त्याला उचलून बसवायचं नाही. बुडापेस्टमध्ये १९४६ पासून अनाथ बालकांचं घर चालवणाऱ्या डॉक्टर एमी पिकलर यांची हीच धारणा होती, बाळाची हालचाल त्याची त्याला होऊ द्यावी. स्वतः चढलेल्या उंचीचा अंदाज मुलाच्या अंगात असतो, उचलून बसवलेल्या उंचीचा नसतो. कौतुकाने आंब्याच्या खालच्या फांदीवर बसवून फोटो काढणाऱ्या काका-मामांना हे समजावून सांगावं लागतं. फांदी शेवग्याची असेल तर जास्तच, ती कधी मोडेल नेम नसतो.

"वर जातो, पण उतरता येत नाही"

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि यालाच सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

बाळ रांगत पायरी चढायला लागलं की त्याच आठवड्यात उलटं उतरणं शिकवायला घ्या. कडेशी आलं की थांबवा. दोन्ही हात त्याच्या कमरेवर ठेवा, काखेत नको, काखेत धरलं की आपण त्याला उचलतोय असं त्याला वाटतं आणि ते अंग सैल सोडतं. कमरेला धरून हळू वळवा, तोंड घराकडे आणि पाय अंगणाकडे. पोट जमिनीला टेकवा. मग एक पाय धरून खाली न्या आणि त्याचा तळवा पायरीला लागेपर्यंत सोडू नका. तो तळवा टेकल्याचा क्षण बाळाच्या चेहऱ्यावर दिसतो, मान जरा कलते आणि हात सैल होतात. तेवढ्यावर दुसरा पाय आपोआप येतो. दर वेळी तेच शब्द: "वळ. पाय आधी." चिऱ्याच्या पायऱ्या उंच आणि एकेक निराळी असते, म्हणून सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरुवात करा आणि ती जमली की एक वरची.

सराव अनवाणी. पायमोजे घातले की पायाची बोटं पकड घेत नाहीत, आणि लांब झबलं गुडघ्याखाली येतं. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत मात्र काढूनच ठेवा. चढता-उतरताना तो खिळ्याला, कडीला अडकला तर गळा आवळतो. घरातल्यांना वाईट वाटत असेल तर कमरेच्या करगोट्याला ताईत ओवा, आमच्याकडे तसंच केलं.

मूल वर अडकलेलं दिसलं की लांबून ओरडू नका. "अरे मेल्या, पडशील!" ही हाक मायेपोटी येते, पण मूल दचकतं, आवाजाकडे वळतं आणि वळताना हात सोडतं. चालत जा, धावत नको. त्याच्या खाली उभ्या राहा, एक हात ढुंगणाखाली तयार, पण न टेकवता. मग हळू आवाजात, "वळ. पाय आधी." ते उतरत असेल तर उतरू द्या, पाय शोधत असेल तर पाय धरून पायरीवर ठेवा. रडायला लागलं तरच उचला. दर वेळी वरून उचलून घेतलं तर वर जाऊन रडलं की खाली येता येतं, एवढंच ते शिकतं.

पावसात

जून ते सप्टेंबर बाहेरच्या पायऱ्या बंद. पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, आणि अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे मोठी माणसं घसरतात. येण्याजाण्याची वाट तेवढी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायची, आणि मूल त्या वाटेवर न्यायचं ते पावडर पूर्ण धुवून गेल्यावर. याच दिवसांत घरातल्या पेटाऱ्याची खरी गरज लागते.

"एरवी ठीक, गणपतीत हमखास पडतो"

घरात माणसं जास्त असली की लक्ष कमी होतं. चाकरमानी येतात, वीस-वीस माणसं जेवतात, आणि प्रत्येकाला वाटतं मूल कुणा दुसऱ्याकडे आहे. गणपतीच्या वर माटवी बांधायला आणलेलं स्टूल तिथेच राहतं, मागचं दार उघडं, विहिरीची जाळी सरकलेली, समई खाली. मे महिन्यातही हेच.

आम्ही राखण नेमतो. एक लाल पंचा आहे, तो ज्याच्या खांद्यावर त्याची राखण. मोदक वळायला बसायचं असेल, आरतीला उभं राहायचं असेल, तर पंचा दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि त्याने "घेतला" म्हणायचं. नुसतं "बघ हं जरा" चालत नाही. भावोजींपासून बारावीतल्या भाच्यापर्यंत सगळे घेतात, पण दहा वर्षांच्या मुलांकडे पंचा जात नाही, कितीही हौस असली तरी.

मुंबई-पुण्याहून आलेल्या लहानग्यांना जोत्याची सवयच नसते. फ्लॅटमध्ये सगळी जमीन एका पातळीवर. गाडीतून उतरल्यावर चहाच्या आधी त्यांना ओटीच्या पायऱ्यांवर न्या, कड दाखवा, उलटं उतरणं पाच-सहा वेळा करून घ्या. आई-बाबांना विहीर आणि माळ्याचं फाटक कसं बंद करायचं ते त्याच वेळी दाखवा.

पडलाच तर

लगेच रडलं, काही वेळात शांत झालं, खेळायला लागलं, तर बहुतेक वेळा काळजी नसते. टेंगळावर फडक्यात बर्फ गुंडाळून धरा, चोळू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. जखमेत हळद, कॉफी, चुना काही नको.

शुद्ध हरपली, थोडा वेळ का होईना, पुन्हा पुन्हा उलटी, झटका, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव, दोन बाहुल्या लहानमोठ्या, हात-पाय नीट हलत नाहीत, ओळखीचं माणूस ओळखत नाही, न थांबणारं रडणं, झोपेतून जागंच होत नाही: यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा, आपली गाडी दारात असेल तर निघा. मान दुखावल्याची शंका असेल तर मात्र मूल हलवू नका, रुग्णवाहिका येऊ द्या. दोन वर्षांखालचं मूल ३ फुटांहून जास्त उंचीवरून पडलं असेल, किंवा डोक्याच्या बाजूला किंवा मागे मऊ फुगवटा आला असेल, तर वरचं काही दिसत नसलं तरी डॉक्टरांना दाखवा. आपली जोती बऱ्याचदा ३ फुटांची असतातच.

पडल्यावर झोपू द्यायचं नाही असं आजी सांगते. मूल एरवीसारखं वागत असेल आणि त्याची झोपेची वेळ असेल तर झोपू द्यायला हरकत नाही. मधूनमधून हलवून बघा, कुरकुरत का होईना जागं होतंय ना. होत नसेल तर निघायचं.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री डॉक्टर असतात का, सी.टी. स्कॅन जवळात जवळ कुठे होतो, रात्री गाडी कोण काढेल, हे आजच विचारून कागदावर लिहा आणि तो कागद फोनजवळ चिकटवा. मूल पडलं तर त्याच कागदावर वेळ, अंदाजे उंची आणि पहिली उलटी कधी झाली ते टिपून ठेवा, डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.